गाडीतला फ्रिज, बाबांचं इन्सुलिन आणि सात दिवस

दिवस पहिला

निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच फ्रिज लाइटवर लावून ठेवला होता. आमच्या राहायच्या गाडीतला (कॅम्परमधला) हा फ्रिज लाइट, गाडीचे 12 व्होल्ट किंवा गॅसची ज्योत अशा तिन्हींवर चालतो, पण घरच्या फ्रिजसारखा लवकर गार होत नाही, त्याला किमान बारा तास, खरं तर पूर्ण दिवसच लागतो, आणि आत भरायचं सामानही आधीच गार केलेलं असावं लागतं. निघताना आत 3 अंश होतं. आमच्याकडे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पाण्याचा एक पेला असतो आणि त्यात थर्मामीटर बुडवलेला असतो, कारण दार उघडलं की हवेचं तापमान लगेच वरखाली होतं, पाण्याचं होत नाही, त्यामुळे आकडा खरा मिळतो.

या वेळी त्या आकड्याकडे लक्ष ठेवायला एक कारण होतं. बाबा बरोबर होते आणि त्यांचं इन्सुलिन त्या कप्प्यात होतं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. चालू पेन, म्हणजे वापरात असलेलं इन्सुलिनचं इंजेक्शन, बाहेर राहिलं तरी चालतं, पण शिल्लक साठा सगळा फ्रिजच्या भरवशावर.

पाच तासांचं ड्रायव्हिंग झालं. गाडी चालू असताना फ्रिज गाडीच्या 12 व्होल्टवर चालतो. संध्याकाळी जंगलातल्या जागेवर पोचलो तेव्हा 6 अंश झालं होतं, मी फार मनावर घेतलं नाही, 12 व्होल्टवर हे फ्रिज नुसता गारवा टिकवतात, नवीन गारवा फारसा करत नाहीत हे माहीत होतं. तिथे लाइटचं कनेक्शन नव्हतं. गॅसवर टाकला, ठिणगीचा टकटक आवाज आला, ज्योत लागली, हिरवा दिवा लागला. रात्री झोपताना 8 होतं. म्हटलं आज दार खूप वेळा उघडलंय, सकाळपर्यंत येईल खाली.

दिवस दुसरा

सकाळी 11 अंश.

झोप उडालीच माझी. बाबा उठायच्या आधी मी इन्सुलिन काढून थर्मासच्या पिशवीत हलवलं, बर्फाच्या पाकिटाभोवती जाड टॉवेल गुंडाळून, कारण इन्सुलिनला बर्फ थेट लागून ते गोठलं तर कायमचं वाया जातं, आणि दिसायला नेहमीसारखंच राहू शकतं त्यामुळे कळतही नाही. गरम होण्यापेक्षा मला गोठण्याचीच भीती जास्त वाटते. बाबांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "अगं, चालू पेन आहे ना माझ्याकडे, ते बाहेर चालतं. तू आधी दुधाचं बघ." पेनाच्या कागदावर किती दिवस आणि किती तापमानापर्यंत चालतं ते लिहिलेलं असतं, ते आम्ही दोघांनी मिळून परत वाचलं, प्रत्येक प्रकारच्या इन्सुलिनचं वेगळं असतं म्हणून अंदाजाने चालायचं नाही.

दूध, उकडलेली अंडी, आदल्या दिवशी शिजवलेलं सगळं टाकून दिलं. जीव तुटतो टाकताना पण 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेल्या लवकर नासणाऱ्या पदार्थांवर विश्वास ठेवायचा नाही हा आमचा नियम आहे, आणि हे तर रात्रभर राहिलेलं होतं. वासावरून ठरवू म्हणणारे खूप भेटतात. वास येत नाही म्हणजे जंतू नाहीत असं नसतं.

मग सुरुवात केली सगळ्यात साध्या गोष्टीपासून, गाडी सपाट उभी आहे का. पाणसळ काढली आणि फ्रीजरच्या तळावर ठेवली. बुडबुडा पार एका टोकाला! रात्री पाऊस झाला होता आणि एका बाजूची चाकं भुसभुशीत मातीत खचली होती, साधारण साडेचार अंशांचा कल होता. आमच्या मॅन्युअलमध्ये डावी-उजवीकडे 3 अंश आणि पुढे-मागे 6 अंशांपेक्षा जास्त कल नको असं आहे.

आता हे का, ते जरा सविस्तर सांगते, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो. हलणारा एकही भाग नाही. आत पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन हे तीन पदार्थ कायमचे सील केलेले असतात. खालच्या बाजूला बॉयलर, त्याला उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून उकळून वेगळा होतो आणि वर चढतो, वरच्या पंख्यांच्या (फिरणारे नव्हेत, पत्र्याच्या स्थिर पात्या) नळीत गार होऊन त्याचं पाणी होतं म्हणजे द्रव अमोनिया होतो, तो मग हायड्रोजन भरलेल्या नळीत उतरतो आणि तिथे त्याची परत वाफ होते, ती होताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेते. शेवटी तो अमोनिया खाली येऊन परत पाण्यात विरघळतो आणि चक्र पुन्हा सुरू. हे सगळं नुसत्या उताराने, गुरुत्वाकर्षणाने वाहतं. म्हणून कल नको. उतार बिघडला की द्रव मधेच कुठेतरी साठून राहतो, बॉयलरकडे परत येत नाही, बॉयलर कोरडा तापत राहतो आणि गंज लागू नये म्हणून आत घातलेलं सोडियम क्रोमेट जास्त उष्णतेने घट्ट होऊन नळीत बसतं. एकदा तसं झालं की दुरुस्ती नाही, अख्खं कूलिंग युनिट बदलावं लागतं.

ही कल्पना स्टॉकहोमच्या तंत्रज्ञान विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांची, बाल्टझार फॉन प्लॅटेन आणि कार्ल मुंटर्स यांची, 1922 सालची. उष्णता देऊन गारवा मिळवायचा, तोही मोटर न लावता! आइन्स्टाइन आणि झिलार्ड यांनीही पुढे बिनमोटरचा फ्रिज शोधला होता, 1930 मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं. मला या यंत्राबद्दल मनापासून आदर आहे. शंभर वर्षांत त्याचं मूळ तत्त्व बदललेलं नाही, आणि जंगलात मधोमध, बॅटरी नावापुरती असताना हे फक्त एका छोट्या ज्योतीवर चालतं.

तर फ्रिज बंद केला, लाकडी फळ्या आणि रॅम्प चाकांखाली घालून नवऱ्याने गाडी वर घेतली, मी पाणसळ धरून आतून ओरडत होते अजून थोडी, अजून थोडी, बस्स. अर्धा तास थांबून परत गॅसवर चालू केला. आणि मग वाट बघायची. या फ्रिजला काही विचारलं की तो उत्तर द्यायला सहा-आठ तास घेतो, तोपर्यंत दुसरं काही बदलायचं नाही, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. हे मी आधीच्या एका ट्रिपमध्ये शिकले होते, तेव्हा एकाच दुपारी चार गोष्टी बदलल्या होत्या आणि फ्रिज सुधारला तरी नेमकं कशाने सुधारला ते आजही सांगता येत नाही.

मधल्या वेळात दाराचं रबर तपासलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची, ओढताना धरून ठेवल्यासारखं वाटलं पाहिजे, अलगद सुटली तर तिथून हवा जाते. चारही बाजूंनी ठीक होतं. आतल्या पंख्यांवर बर्फाचा थरही नव्हता. संध्याकाळी तळ्यापर्यंत चालून आलो, बाबांना बगळे दिसले, लेक खूश. रात्री 10 अंश, आणि बाहेरची हवाच तेवढी गार झाली होती, म्हणजे फ्रिजचं श्रेय काहीच नाही.

दिवस तिसरा

सकाळी 9. कल हे कारण नव्हतं, किंवा एकटं तेच कारण नव्हतं.

बाहेरच्या बाजूची खालची जाळी काढली. आधी वास घेतला. अमोनियाचा झणझणीत वास येत नाही ना, आणि नळ्यांच्या जोडांवर कुठे पिवळी पावडर नाही ना. पिवळी पावडर म्हणजे ते सोडियम क्रोमेट बाहेर आलंय, म्हणजे सील फुटलंय, आणि मग गॅस बंद करून फ्रिज परत चालूच करायचा नाही, कारण हायड्रोजन पेट घेतो. देवाच्या कृपेने दोन्ही नव्हतं.

शेजारच्या गाडीतले एक काका येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. म्हणाले, "फ्रिज काढून उलटा करून ठेवा रात्रभर, आमचा तसाच चालू झाला होता." हा उपाय खूप जुना आहे, आणि आतला साठलेला गाळ त्याने कधी कधी हलतोही, पण मला तो पटत नाही. फ्रिज काढायचा म्हणजे गॅसची नळी सोडायची, परत जोडायची, जंगलात, आणि तेही आतलं युनिट खराब आहे हे सिद्ध व्हायच्या आधी. मी काकांना म्हटलं, "आधी हे बघू या की युनिट गार करू शकतंय का नाही." त्यांनाही ते पटलं, आणि त्यांनीच एक चांगली गोष्ट सुचवली, 12 व्होल्टचं कनेक्शन मीटरने तपासा, कारण गॅसवर चालवतानाही कंट्रोल बोर्डला 12 व्होल्ट लागतात. मीटर लावला, 12.4, छान होतं.

आता युनिट तपासायचा एकच सरळ मार्ग. या फ्रिजला उष्णता तीन ठिकाणांहून मिळते, गॅसची ज्योत, लाइटवरचं एलिमेंट आणि 12 व्होल्टचं एलिमेंट. तिन्ही एकाच बॉयलरला तापवतात. एका उष्णतेवर नीट गार झाला तर आतलं युनिट धडधाकट, दोष उष्णता देणाऱ्या बाजूचा. तिन्हींवर गार झाला नाही तर मात्र युनिटच गेलं. गाडी हलवायची ठरवली. जंगल सोडून जायचं नवऱ्याच्या जिवावर आलं होतं, लेकीच्याही, पण कोणी काही बोललं नाही.

दुपारी लाइटचं कनेक्शन असलेल्या जागेवर पोचलो. गाडी सपाट केली, पाणसळ लावली, फ्रिज लाइटवर टाकला. एका तासाने मागे हात नेऊन बघितलं तर बॉयलरच्या भागातून चांगली ऊब येत होती. त्यापुढे करण्यासारखं काही नव्हतं. रात्री दहाला 7. मी झोपले नाही नीट.

दिवस चौथा

3 अंश!

सकाळी सहाला टॉर्च घेऊन बघितलं, मग परत दार उघडून बघितलं, ते करायला नको होतं पण राहवलं नाही. युनिट ठणठणीत आहे. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ज्या भागाची दुरुस्तीच होत नाही तो भाग चांगला निघाला होता. इन्सुलिन थर्मासमधून परत मधल्या कप्प्यात, मागच्या पंख्यांपासून लांब, कारण तिथे चिकटलं तर गोठू शकतं.

म्हणजे आता दोष गॅसच्या बाजूला, आणि तोही फ्रिजच्या आसपास, कारण शेगडीचे दोन्ही बर्नर एकदम लावून बघितले तर ज्योत निळी आणि स्थिर होती, सिलिंडर आणि रेग्युलेटरवर संशय घ्यायचं कारण नव्हतं. फ्रिज क्षणभर गॅसवर टाकून बर्नरच्या भोकातून बघितलं. ज्योत बारीक, लवलवती आणि टोकाला पिवळी. चांगली ज्योत निळी असते, तिचा एकसारखा फुरफुर आवाज येतो, कान लावला की कळतं. पिवळी म्हणजे हवा कमी पडतेय किंवा गॅस नीट येत नाहीये, काजळी धरतेय, आणि अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइडही होतो. तो धूर बाहेरच जातो तरी गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते मी तिथल्या तिथे बटण दाबून बघितलं. हा अलार्म नसलेल्या गाडीत गॅसचं कुठलंही उपकरण लावून झोपू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते.

सिलिंडर बंद. बर्नर पूर्ण गार होऊ दिला. मग झाकणाचे स्क्रू काढले आणि आत जे दिसलं त्यानेच अर्धं उत्तर मिळालं. बर्नरच्या चिरांवर गंजाचे पापुद्रे पडलेले, वरच्या धुराड्यातून गळून पडलेले, आणि हवा आत यायच्या भोकात कोळ्याचं जाळं. कोळी तिथेच का जातात असं नवऱ्याने विचारलं, तर गॅसला जो वास घातलेला असतो त्याच्याकडे काही कोळी ओढले जातात असं म्हणतात, आणि गाडी महिनोन्महिने उभी असली की त्यांना निवांत जागा मिळते.

धुराड्याच्या आत तारेला टांगलेली एक पिळाची पत्र्याची पट्टी असते. तिचं काम असं की गरम धूर सरळ वर पळून न जाता गोल फिरत बॉयलरला उष्णता देत जावा. वरून तार धरून ती बाहेर काढली, काजळीने काळीकुट्ट झालेली. खाली बर्नरवर कापड झाकलं, नाहीतर सगळी घाण परत त्याच्यातच पडते, आणि लांब दांड्याच्या गोल ब्रशने धुराडं वरून खालपर्यंत घासलं. मूठभर गंज निघाला. पट्टी घासून परत टांगली, जेवढ्या उंचीवर होती तेवढ्याच, कारण ती खाली बर्नरला टेकली तर ज्योत बिघडते आणि जास्त वर राहिली तर उष्णता वाया जाते. तार काढताना मी तिच्यावर टेपने खूण करून ठेवली होती.

मग जेट. ज्यातून गॅस येतो ते इवलंसं पितळी भोक. त्यात सुई किंवा तार घालायचा मोह प्रत्येकाला होतो, स्टोव्हला पिन मारायची सवय असते ना, पण इथे पिन मारायची नाही. भोक केसभर जरी मोठं झालं तरी गॅस जास्त येतो, ज्योत पिवळी होते आणि मग काजळीच काजळी. जेट काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास भिजवला, तसाच हवेवर वाळवला, पुसलासुद्धा नाही. उजेडाकडे धरला तर भोक गोल आणि स्वच्छ दिसलं.

परत बसवताना दोन पाने वापरले, एकाने नळीचं टोक धरायचं, दुसऱ्याने नट आवळायचा, नाहीतर तांब्याची नळी पिळवटते. साबणाचा फेस जोडांवर लावला, सिलिंडर उघडला, दोन मिनिटं बघत बसले, एकही फुगा नाही. काडी लावून गळती बघणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून तसं करू नका. नळीत हवा भरलेली असते म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा ज्योत लागली नाही, बोर्डवर बिघाडाचा लाल दिवा लागला, बंद-चालू केला, चौथ्या वेळी लागली.

निळी. आणि तो आवाज! नवरा म्हणाला, "हा आवाज आपण ही गाडी घेतल्यापासून ऐकलाच नव्हता." खरं होतं. आम्हाला वाटायचं हे फ्रिज असेच हळू असतात.

लाइटची वायर मुद्दाम काढून ठेवली आणि रात्रभर गॅसवरच चालवला.

दिवस पाचवा

सकाळी 4. गॅसवर. बाबांनी स्वतः थर्मामीटर वाचला आणि वहीत लिहिला. आदल्या दिवसापासून त्यांनी वही घातली होती, तारीख, वेळ, कशावर चालू, आतलं तापमान, बाहेरचं तापमान, असे पाच रकाने. त्यांच्या हिशोबी स्वभावाचा मला त्या आठवड्यात फार आधार झाला.

मग निघालो घाट चढून पलीकडच्या मुक्कामाला. गाडी चालवताना गॅस बंदच ठेवतो आम्ही, पेट्रोल पंपावर उघडी ज्योत घेऊन जाणं हा विचारसुद्धा करवत नाही. म्हणून 12 व्होल्ट. तीन तासांत 4 चे 7 झाले आणि पहिल्या दिवसाची आठवण झाली. टिकवून धरणं एवढंच तर काम आहे याचं आणि तेही जमत नाहीये. काकांचं बोलणं आठवलं. रस्त्याच्या कडेला थांबलो, नवऱ्याने इंजिन चालू ठेवलं, मी फ्रिजच्या मागच्या टर्मिनलवर मीटर लावला. 10.4! आणि पुढे बॅटरीवर 13. म्हणजे वाटेत 2.6 व्होल्ट गायब. तिसऱ्या दिवशी 12.4 दिसलं होतं ते कंट्रोल बोर्डाच्या बारीक वायरवर, तिथून करंट जवळजवळ वाहतच नाही, एलिमेंटची जाड वायर वेगळी असते आणि तिच्यातून चौदा-पंधरा अँपिअर जातात, दोष असला तर तिथेच उघडा पडतो. वायर नेहमी भार चालू असताना मोजायची.

एलिमेंटची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने बदलते. 13 ऐवजी 10.4 म्हणजे व्होल्टेज 20 टक्के कमी, पण उष्णता 36 टक्के कमी. एवढी उष्णता गेली तर हा फ्रिज काय टिकवणार. वायरवरून हात फिरवत गेले तर एक जोड चांगलाच गरम लागला, उघडला तर आत हिरवट गंज. पॉलिश पेपरने घासलं, खराब टोक कापून नवीन लग (वायरच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) दाबून बसवला. परत मोजलं, 12.3. अजून थोडं जातंय, वायरच जुनी आणि जरा बारीक आहे, ती घरी गेल्यावर बदलायची.

घाटमाथ्यावरच्या मुक्कामी रात्री थंडी चांगली होती, फ्रिज गॅसवर 4 वर राहिला. मॅन्युअलमध्ये साधारण 1,700 मीटरच्या वर गॅसवर गारवा कमी होतो, ज्योत विझूही शकते असं लिहिलंय, हवा विरळ म्हणून. आम्ही त्याच्या थोडं खालीच होतो.

दिवस सहावा

खाली उतरलो, नदीकाठची मोकळी जागा, कडक ऊन. 12 व्होल्टवर चार तास आणि पोचल्यावर 5, म्हणजे कालचा जोड नीट बसला होता. गॅसवर टाकला, ज्योत निळी, आवाज छान. आणि तरी दुपारी चारला 8.

आता मात्र मी घाबरले नाही. युनिट चांगलं आहे माहीत होतं, ज्योत चांगली आहे दिसत होतं, मग उरलं काय, आत येणारी उष्णता बाहेर जातेय का. मागच्या नळ्यांची उष्णता हवेने न्यायची असते, खालच्या जाळीतून गार हवा आत, वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर, चिमणीसारखं. बाबांच्या वहीतही तेच दिसत होतं, रात्री आणि सकाळी आकडे उत्तम, दुपारी दोन ते पाच चढलेले, थंड जागी मात्र चढलेलेच नाहीत.

शिडी लावून वर चढले. वरच्या जाळीखाली वाळक्या गवताचं, पानांचं एक घरटं, रिकामं, जुनं, जाळीची निम्मी जागा अडवून बसलेलं. आत अंडी-पिल्लं काही नाही हे दोनदा बघून मग ते काढलं. आणि दुसरं, फ्रिजची बाजू नेमकी पश्चिमेला होती, तीन तास त्या पत्र्यावर थेट ऊन. गाडी फिरवून ती बाजू झाडाच्या सावलीत आणली. जागा निवडताना आम्ही देखावा कुठल्या खिडकीतून दिसेल ते बघत होतो, आता आधी फ्रिजची बाजू कुठे येईल ते बघतो. नदी पाठीमागे गेली, लेक जरा हिरमुसली, मग खुर्च्याच पलीकडे नेऊन मांडल्या.

जाळीमागे 12 व्होल्टचा कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावणारेही बरेच जण आहेत, गरम झाल्यावरच चालू होणारा स्विच घालून, तो मी पुढच्या वेळी लावणार आहे, कारण आमच्या नळ्यांमागे मोकळी जागा जरा जास्त आहे आणि हवा नळ्यांना न घासता बाजूने निघून जाते असं वर डोकावल्यावर दिसलं.

आतलं सामानही परत लावलं. कप्पे गच्च भरले की हवा फिरत नाही, म्हणून मागे आणि मधे बोटभर जागा. रात्री नऊला 5. बाबा बाहेर शेकोटीपाशी बसले होते, मी सांगायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती?" पाच म्हटलं. त्यांनी वही मांडीवर घेतली.

दिवस सातवा

सकाळी 3. निघेपर्यंत गॅसवर, मग 12 व्होल्टवर सहा तास, बाहेर ऊन असूनही घरी पोचलो तेव्हा आत 5. इन्सुलिन घरच्या फ्रिजमध्ये गेलं. पहिल्या रात्री 11 अंशांत राहिलेल्या बॉक्सवर बाबांनी पेनाने खूण करून ठेवली होती, तो आधी वापरायचा आणि डॉक्टरांना विचारून, हे त्यांनीच ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंही.

संध्याकाळी गाडी रिकामी केली. फ्रिज बंद करून दार कापडाच्या गुंडाळीने उघडं ठेवलं, नाहीतर आत बुरशीचा वास धरतो. सिलिंडर बंद केला. कोळ्यांसाठी खालच्या जाळीच्या आतून बारीक जाळी लावायची का यावर नवऱ्याशी बराच वेळ बोलणं झालं, बारीक जाळीने हवाही अडते, म्हणून नको असं ठरलं, त्यापेक्षा दर वर्षी निघायच्या आधी बर्नर उघडून बघायचा. टेपचा एक तुकडा कापून खालच्या जाळीच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि त्यावर लिहिलं, बर्नर, धुराडं आणि जेट साफ केल्याची तारीख, खाली पट्टीच्या तारेची लांबी, आणि त्याच्या खाली बाबांनी त्यांच्या अक्षरात, एलिमेंटवर व्होल्ट 12.3, इंजिन चालू.